दाराआडच्या टाळ्या

फोन आला तेव्हा मी मिक्सरवर खोबरं वाटत होते. पास्कू, माझा धाकटा भाऊ, इस्पितळातून काहीतरी सांगत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. बटण बंद केलं. "बाय, गेली सिसिलिया," एवढंच म्हणाला. मी थोरली, घरात मला सगळे बायच म्हणतात. सिसिलिया म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. त्याला आता दीड महिना झाला.

लोक तिला मालिकेतली खाष्ट सासू म्हणून ओळखत. टीव्हीवर नऊवारी नेसून तुळशीला पाणी घालणारी ही बाई रविवारी आमच्या पापडी गावच्या चर्चमध्ये गायनमंडळात उभी असायची. मिस्सा सुटली की बायका तिला गाठायच्या, "सुनेला एवढं का छळतेस गं?" ती नुसती हसायची. मग मालिकावाल्यांना कथा पुढे न्यायची होती, त्यांनी तिला मारून टाकलं. घरी येऊन मला म्हणते कशी, "बाय, आज माझ्या फोटोला हार घातला. चांगला मोगऱ्याचा होता." मी चिडले, भरल्या घरात असलं काय बोलायचं? पुढे कितीतरी महिने तो फोटो मालिकेत भिंतीवर दिसत राहिला, तिला मात्र कुणी बोलावलं नाही.

तिचा जीव खरा नाटकात. शाळेत मी तिची बाई होते, नणंद नंतर झाले, त्यामुळे चर्चच्या अंगणातल्या नाताळच्या नाटकात ती पहिल्यांदा उभी राहिली तेही मी पाहिलंय. पुढे मोठ्या रंगमंचावर गेली, गावोगाव दौरे केले. माइकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज होता... दौऱ्यांची दगदग झेपेना तेव्हा तिनं ऑडिओबुकं वाचायला घेतली. मागच्या खोलीत गोधड्या टांगून तिथंच स्टुडिओ केला. ती आत गेली की विहिरीवरचा पंप बंद, मिक्सर बंद, कुकर बंद, कोंबड्या डालग्याखाली. दुपारची चर्चची घंटा व्हायच्या आत सगळं उरकायचं. मी कटकट करायचे, स्वयंपाक काय मुक्यानं करू? वाचताना चुकलं की ती एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा म्हणायची, म्हणजे काटछाट करणाऱ्याला चुकीची जागा सापडते. बंद दाराआडून तिचा आवाज बाहेर येत नसे, टाळी तेवढी यायची. चांगल्या दिवशी सकाळभरात एखादीच.

गेल्या वर्षी तिच्याकडे एक जाडजूड कादंबरी आली. एका म्हातारीची गोष्ट. "अशी बाई मला कुणी करायला दिली नाही, बाय. ही मी पुरी करणार," म्हणाली. आणि नेमकं तेव्हाच फुप्फुसांनी दगा दिला. वाक्य संपायच्या आत तिचा श्वास संपायला लागला. मी ओट्यापाशी भाजी चिरत असायचे. एक टाळी. लगेच दुसरी. मग तिसरी... माझी सुरी थांबायची. जन्मभर टाळ्यांसाठी झिजली ती, आणि मी मनात म्हणायचे, आता टाळी नको. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं, पास्कूनं हात जोडले. पण एका पुस्तकात दोन आवाज चालत नाहीत. तिनं अर्ध्यावर सोडलं तर पुस्तक पहिल्यापासून दुसरीकडून वाचून घेऊ, असं कंपनीनं कळवलं होतं. मग ती कुणाचं कशाला ऐकते! दिवसाला एक पान व्हायचं, पुढे अर्धं.

एका सकाळी टाळीही येईना. दार लोटून आत गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, चष्मा हातात. "पुढचं वाक्य लांब आहे, बाय," म्हणाली. त्याच दिवशी तिला इस्पितळात नेलं. शेवटची दोन प्रकरणं राहिली ती राहिलीच.

नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना केल्या, मेणबत्त्या लावल्या, काही उपयोग झाला नाही. देवाची इच्छा म्हणून समजूत घालायला येणाऱ्यांना मी चहा देते आणि वाटेला लावते. कादंबरी आता दुसऱ्या आवाजात आली आहे. ती मुलगी छान वाचते म्हणे. वाचत असेल. मी ऐकलेली नाही आणि ऐकणारही नाही. श्वास विकत घ्यावा तसं एकेक वाक्य सिसिलियानं त्या खोलीत वाचलं, ते जगात कुणी ऐकणार नाही, हे माझ्यानं सोसत नाही.

ऐकतो तो एकटा पास्कू. त्यानं जन्मात पुस्तक उघडलेलं नाही. केळीच्या वाडीतून आला की तिचा लॅपटॉप मांडीवर घेऊन ते कच्चं रेकॉर्डिंग लावून बसतो. परवा ते संपलं. मग म्हणाला, "बाय, त्या म्हातारीचं पुढं काय होतं?" मला बरं वाटलं, चला, काहीतरी विचारतोय तरी. पुस्तक कपाटातून काढलं, ते लांब वाक्य शोधलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. वर्गात आयुष्यभर वाचलंय मी. चार शब्द झाले असतील, त्यानं हात वर केला.

"राहू दे, बाय."

पुस्तक माझ्या हातातून घेऊन त्यानं मिटलं, आणि पहिलं प्रकरण पुन्हा लावलं.