कोनच्या गोदामाबाहेरचं हसू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तसं.

पनवेलजवळच्या एका अग्निशमन केंद्राचा मी प्रमुख. सकाळची हजेरी झाली की बंबावरचं सामान मी स्वतः तपासतो. होज, शिड्या, हवेचे सिलिंडर, मास्क — नोंदवहीत प्रत्येकापुढे माझ्या हातची खूण. याचा मला अभिमान होता. आता... असो.

पण मास्क असायचे ते बंबावरच. धुरात शिरताना नाकाला ओला रुमाल बांधायचा, ही आमच्याकडची मर्दानगी. मास्क लावणारा भित्रा. मी साहेब होतो, एका शब्दात हे बंद करू शकलो असतो. का नाही केलं? माणसांनी मला आपल्यातला मानावं म्हणून — दुसरं काही नाही.

कोन गावातल्या प्लास्टिकच्या गोदामाला आग लागली, ती भर दुपारी. आत रखवालदार अडकल्याची ओरड होती. हेमंत, आमचा फायरमन, दाराशी थांबून मास्कचे पट्टे डोक्यामागे आवळत होता. नियमाप्रमाणे. मीच शिकवलेल्या नियमाप्रमाणे. तेवढ्यात आमचे सर्वांत जुने फायरमन ठाकूरदादा ओरडले, "काय रं नवरदेवा, मुंडावल्या बांदून झाल्या का नाय? मांडव जलाला तुजा!"

हसू फुटलं. आणि — मनातल्या मनात आठवतानाही इथे मी नेहमी थांबतो — पहिला हसलो तो मी.

हेमंतनं माझ्याकडे पाहिलं. दादांकडे नाही, माझ्याकडे. मग मास्क काढला, सिलिंडर उतरवलं, रुमाल भिजवला आणि आत गेला. "मास्क लाव," एवढंच म्हणायचं होतं. वेळ नव्हता का? होता. हसायला होता ना.

रखवालदार मागच्या दारानं आधीच बाहेर पडला होता. हेमंतला मात्र उचलून आणावं लागलं.

चौकशीत मला विचारलं — मास्क उपलब्ध होता? होता. तपासलेला होता? होय, मीच. सूचना दिली होती? लेखी. एकही उत्तर खोटं नव्हतं. त्यानं तो का काढला, हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. हेमंतच्या सेवापुस्तकात 'वैयक्तिक निष्काळजीपणा' लिहिलं गेलं. बढती गेली. फुप्फुसं त्याआधीच गेली होती. आता तो कंट्रोल रूममध्ये फोन घेतो.

अजून एक राहिलं. नवी भरती आली की मी त्याला वर्गात बोलावतो. उदाहरण म्हणून. तो पोरांसमोर उभा राहून सांगतो, "चूक माझी होती. साहेबांनी सगळं शिकवलं होतं, मीच ऐकलं नाही." त्याला हे खरंच वाटतं की माझ्यासाठी म्हणतो, मी कधी विचारलेलं नाही.

मधेच त्याला धाप लागते. मग उरलेलं वाक्य मी पूर्ण करतो.