शेवटच्या घराचं पाणी

मुलांनो, मागच्या आठवड्यात तुमच्या बाबाने मला एक जाहिरात पाठवली. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जुना बंगला पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीची. 'आई, घर विक आणि तिथं फ्लॅट घे. गल्ली सुटणार नाही, शिवाय सगळ्या अमेनिटीज.' तुम्हीही विचारलंत, "आजी, व्हाय नॉट?" मी फोनवर तुटक बोलले. त्या रागाचं कारण नीट सांगायला हवं, म्हणून लिहिते.

आमच्या पेठेत सुखसोयी पुष्कळ आहेत. डॉक्टर, गिरणी, पोस्ट, सगळं पायी. नवी पेठेचा बाजार हाकेच्या अंतरावर. नाही ते फक्त पाणी. उजनी धरण भरलं तरी आमचे नळ चार-पाच दिवसांआडच येतात. आणि त्या जाहिरातीत पहिलं चित्र पोहण्याच्या तलावाचं!

आमची गल्ली चढाची आहे. शेवटच्या घरात तेलुगू बोलणाऱ्या अक्का राहतात. नवरा कापडाच्या मागावर कामाला होता, त्या विड्या वळायच्या; आता गुडघ्यांनी बसवलंय. त्यांच्याकडे पाणी सगळ्यात शेवटी चढतं. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. "नळ आले!" अशी हाक फिरली की प्रत्येकाने हाताने भरायचं. अक्कांचं पिण्याचं भरून त्यांच्या दारातून "झालं!" असा आवाज आला, की मगच मोटरी लावायच्या. हे कुणी ठरवलं, माहीत नाही. मी सून म्हणून आले तेव्हाही असंच होतं.

पाच दिवसांपूर्वी नळ आले आणि अक्कांच्या नळाची धार करंगळीएवढी होऊन थांबली. खाली इमारतीची मोटर घुमत होती. मी काठी घेऊन गेले. सोसायटीचे चेअरमन अर्ध्या चड्डीत तलावापाशी उभे होते.

"मोटर बंद करा. शेवटच्या घराचं झालं नाही अजून."

"आजी, आम्ही टॅक्स भरतो की."

"मग आम्ही काय फुकट राहतो?"

"तुम्हीपण लावा की मोटर. नको कोण म्हणतंय?"

हे ते हसून, अगदी अदबीने म्हणाले. माझं डोकं फिरलं ते त्या अदबीने. आपण काही गैर करतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात मागून अक्का आल्या, सुनेला घरी नळापाशी बसवून, भिंत धरत धरत. सोबत गल्लीतल्या बायका, रिकाम्या घागरी घेऊन. अक्कांनी घागर तलावाच्या काठावर ठेवली.

"लई झ्याक हाय की वो तुमचं तळं. उद्यापासून धुणं हितंच आणू का?"

वॉचमन फस्सकन हसला आणि त्याने मोटरीचा खटका खाली ओढला.

"कुणी सांगितलं रे बंद करायला?"

"साहेब, मोटर लई तापलीय."

आम्ही तिथंच उभ्या राहिलो. चेअरमन मोबाइलमध्ये बघत राहिले. बऱ्याच वेळाने चढावरून अक्कांच्या सुनेचा आवाज आला, "झालं!" तेव्हा आम्ही घागरी उचलल्या.

त्यांना लाज वाटली असेल असं समजू नका. आज पुन्हा नळ आले आणि पुन्हा मोटर लागली. आम्ही पुन्हा गेलो. पुढच्या वेळीही जाणार. या वयात हक्काच्या घागरभर पाण्यासाठी भांडावं लागतं, याचा मला संताप येतो. आणि तळं दाखवून फ्लॅट विकणाऱ्यांचा त्याहून जास्त.

बाबाला सांगा, मी घर विकणार नाही. त्या इमारतीत गेले, तर अक्कांचं पाणी ओढणाऱ्या मोटरीत माझाही वाटा असेल.

इमारत सोडली, तर आमच्या गल्लीत अजूनही शेवटच्या घराचं "झालं" ऐकल्याशिवाय कुणी मोटर लावत नाही.