सोबती नको

"बाई, आत्याले दिसत नाही. तिचं मत मीच टाकतो," असं म्हणत गजानन म्हातारीचा हात धरून थेट माझ्या टेबलापाशी आला.

मी शाळेत शिकवते. विधानसभेच्या निवडणुकीत जानेफळकडच्या एका गावात केंद्राध्यक्ष होते, म्हणजे त्या दिवसापुरती बूथची मालकीणच म्हणा. गजानन गावातला वजनदार माणूस. आंधळ्या-म्हाताऱ्यांची मतं घरच्या कर्त्यानं टाकायची, ही तिथली रीतच. नियमातही तशी सोय आहे. दिसत नसेल तर मतदार सोबती नेऊ शकतो. पण सोबती मतदारानं मागायचा असतो, हे कोणी लक्षातच घेत नाही.

म्हणून मी त्या म्हातारीलाच, यमुनाबाईंना, विचारलं, "सोबती हवा का?"

"नाही पाह्यजे," त्या म्हणाल्या. "मले फक्त नावं वाचून दाखवा. वरून खाली."

गजानन हसला. "तिले काय समजते? चुकीचं बटन दाबन."

"दाबू द्या. तुम्ही बाहेर थांबा."

"बाई, तुमची शाळा याच जिल्ह्यात आहे ना?"

घाबरले, खोटं कशाला सांगू? बदलीची भीती मास्तरांना विचारा. पण त्याहून जास्त राग आला. मी दारावरच्या पोलिसाला खूण केली, तेव्हा कुठे गजानन हलला.

मग उमेदवारांची नावं वाचली. एका सुरात, कारण एखाद्या नावावर जोर पडला तरी पंचाईत. यमुनाबाईंनी ती बोटांवर मोजून घेतली. "प्रत्येक नावासमोर एक बटण आहे, चाचपून मोजा," असं सांगून त्यांना पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत सोडलं आणि मागे फिरले. तिथं आम्हालाही डोकावता येत नाही.

बराच वेळ काहीच नाही. रांग कुरकुरू लागली. एक पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा बूथवरचा माणूस, म्हणाला, "मॅडम, कोणालेतरी आत पाठवा ना."

"कोणी जाणार नाही."

मशीन वाजलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

गजानन दारातच उभा होता. "कोणाले देलं वं आत्या?"

"तुले सांगाचं असतं त तुलेच नेलं असतं ना आत."

रांगेत हशा पिकला. थोड्या वेळानं एक आंधळे आजोबा मुलाचा हात धरून आले आणि दारातच मुलाला म्हणाले, "तू थांब बे इथंच."

माझी बदली झाली नाही. मशीन, पोलीस, नियम सगळं सरकार पुरवतं. आपलं मत आपल्यापाशी ठेवायचं काम मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं.