पत्रकाची कोरी बाजू

वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला, ‘कल की क्लास कैंसल. मैडम नहीं रहीं.’ ह्याच क्रमाने. तिलवाऱ्याच्या पुलापाशी मी पत्रकं वाटत होते. आधी त्या क्रमाचाच राग आला. दीड महिना झाला, उतरत नाही. आता विद्यापीठाने मॅडमच्या तासाच्या जागी मोबाइलवर खुणा करायची प्रश्नावली ठेवली आहे. शैलजा मॅडमनी ती फाडली असती... मोबाइल फाडता येत नाही, एवढीच अडचण.

आरोग्य साक्षरता हा आमचा तिन्ही वर्षांचा ऐच्छिक विषय. बीए, बीकॉमची पोरं हजेरीपुरता घ्यायची. पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, घरातली सगळी औषधं घेऊन या. मागून एकजण ओरडला, “मैडम, दादी को भी ले आएं?” “ले आओ, तुमसे ज़्यादा वही बताएंगी.” मी रांझीहून बसमध्ये आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन गेले. मॅडमनी त्यातली दोन पाकिटं समोर ठेवली. एक बाबांच्या फॅक्टरीच्या दवाखान्यातलं, दुसरं सदर बाजारातल्या डॉक्टरांनी लिहिलेलं. “मोठी नावं सोड. खालची बारीक अक्षरं वाच.” वाचली. नावं दोन, आत औषध एकच, रक्तदाबाचं. आई रोज दोन्ही घेत होती, आणि चक्कर आली की उपासाला दोष देत होती.

मी पेटले. त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं, ‘गोळ्यांच्या नावाखाली लूट!’ मॅडमना अभिमानाने दाखवलं. त्यांनी वाचलं, उलटवलं, मागची कोरी बाजू पाहिली. “छान चिडली आहेस. पण हे वाचून बाईने उद्या सकाळी काय करायचं?” मला ते मिळमिळीत वाटलं. मी छापून टाकलं.

आईने ते वाचलं आणि दोन्ही गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांनी ओट्यापाशी कोसळली. कपाळाला चार टाके.

“काहून बंद केल्या, आई?”

“तूच लिहिलं न, लूट होऊन राहिली म्हणून. मग मी काहून लुटवून घेऊ?”

मॅडम दुपारी स्कूटरवर घरी आल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही पाकिटांसकट आईला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी एकच गोळी ठेवली. घरी परतल्यावर मॅडम आईसमोर बसल्या. “ताई, आता गोळी कोणती, कधी घ्यायची ते तुम्ही मला सांगा. मला काहीच माहीत नाही असं समजा.” आई तीनदा चुकली. मॅडमनी तीनदा ऐकलं. तेव्हापासून दर रविवारी फोन... आईने सांगायचं, त्यांनी ऐकायचं.

पत्रक सुधारून आणते, असं मी मॅडमना म्हणाले होते. दोन वर्षं नुसतं म्हणतच राहिले. दुसऱ्याला जाब विचारायलाच मला वेळ पुरत नाही ना!

त्या गेल्यानंतरच्या रविवारी आई डबा मांडीवर घेऊन बसली, फोन हातात. “आता कोणाला सांगू?”

“मला सांग.”

“तू मधेच बोलतेस.”

तोंड मिटून बसले. तिने सगळं बरोबर सांगितलं. मग मी ‘लूट’च्या उरलेल्या गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढलं, उलटवलं, आणि म्हटलं, “शेजारच्या काकूंकडे अशी दोन पाकिटं असली तर त्यांनी काय करायचं?”

आई सांगत गेली, मी लिहीत गेले. गोळी मनाने बंद करू नका. दोन्ही पाकिटं डॉक्टरसमोर ठेवा. विचारा, ही दोन एकच आहेत का?

“लिहिलं?” आईने डब्याचं झाकण लावलं. “अच्छा, कागद ठेव खाली. आता तू मला सांग.”