गाडी पलटी व्हायची

मी शाळेत इतिहास शिकवायचे आणि गल्लीत शहाणी म्हणून मिरवायचे. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रुंद रूळ आला, तेव्हा एका साप्ताहिकानं माझ्याकडं रेल्वेवर लेख मागितला. समोरच्या घरातले चाचा तरुणपणी घाटातल्या एका जुन्या स्टेशनात सांधेवाले होते. खटका ओढून रूळ जोडायचे, गाडीला वाट करून द्यायचे. ते स्टेशन कधीच बंद पडलं होतं. मी वही घेऊन गेले.

चाचा खुलले. "स्टेशनात आली की गाडी पलटी व्हायची, बाई! रोज!" मला घाई होती, शाळेची घंटा व्हायची वेळ. वही मिटली आणि निघाले. आमच्याकडं पलटी होतो तो उसाचा ट्रक! मी झोकात लिहिलं, 'या घाटात रोज गाड्या उलटत.' खाली सांधेवाले म्हणून चाचांचं नावही दिलं.

लेख छापून आला. चाचांनी तो केस कापायच्या दुकानात सगळ्यांसमोर वाचायला लावला. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "काय चाचा, किती गाड्या उलथवल्या म्हणायच्या?"

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत बसले नाहीत.

"डोंगरात वळायला जागा न्हाय, बाई. म्हणून इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडायचं, आन् शेपटाकडनं गाडी वर जायाची. त्याला आम्ही पलटी म्हणायचो. माझ्या हातनं येक डबा कधी रुळाखाली उतरला न्हाय. तेवढं छापा की."

"छापते," म्हणाले. आणि नाही छापलं! चूक माझी, हे शाळेत कळलं तर काय म्हणतील, एवढीच मला धास्ती. या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत मी दोन वर्षं काढली. चाचा मात्र दर आठवड्याला साप्ताहिक विकत घ्यायचे, पानं उलटून बघायचे आणि मला काही विचारायचे नाहीत. मेली लाज, मला तेव्हा आली नाही.

ते गेले त्या दिवशी त्यांच्या दारात एका पाव्हण्यानं मला हळूच विचारलं, "गाड्या पलटी करायचे ते हेच का हो?"

खरं सांगायला चार वाक्यं पुरली असती. शेजारी आमच्या हेडबाई उभ्या होत्या.

मी म्हणाले, "हो."