भिंगरीचं बसून जेवणं

जेवताना ती कधी बसायचीच नाही. घास तोंडात गेला की उठायची, मोरीपासून दारापर्यंत चालायची, खांदे मागे ओढायची, घटाघटा पाणी प्यायची आणि मगच ताटाकडे परतायची. पायाला भिंगरी लागलीय म्हणता म्हणता तिचं नावच भिंगरी पडलं. "अगं, घास पळून जाणार आहे का?" नवरा विचारायचा. तीही हसायची. हसता हसता चालायची.

कपडे अल्टर करायचं तिचं दुकान होतं. ढगळ पँट आवळ, कोटाची बाही तोकडी कर, चेन बदल. शेजारी थोरल्या नणंदेची, म्हणजे ताईची, लॉन्ड्री. मध्ये पातळ फळी, त्यामुळे इकडची मशीन तिकडे आणि तिकडची जीभ इकडे दिवसभर ऐकू यायची.

एका दुपारी ताई इस्त्री अर्धवट सोडून आली. हातात भिंगरीचाच ब्लाउज. तिने तो उलटा करून पुढ्यात धरला. आत शिवणीशेजारी शिवण, तिच्याशेजारी आणखी एक.

"किती वेळा आवळलास हा?"

"सैल होत होता."

"ब्लाउज सैल होत नसतो, भिंगरे. आतलं माणूस आटतं."

ताईने डबा उघडून पावाचा तुकडा मोडला. "खा. उठलीस तर इस्त्रीने चिकटवीन स्टुलाला."

तिने चावला, गिळला. छातीच्या मधोमध गोळा बसला. उठता येईना म्हणून पाय मशीनखाली नुसतेच हलू लागले. शेवटी तिने कतरणांची टोपली ओढली आणि पाव जसाच्या तसा बाहेर आला.

ताई वाकून बघत राहिली. "आंबट वाससुद्धा नाही. हे पोटात गेलेलंच नाही."

मग तिने सगळं सांगून टाकलं. पित्ताच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून घरी धाडलं होतं. हल्ली पाणीही अडायचं. झोपायचं ते उशा रचून, बसल्यासारखं. पण घरात सगळ्यांनी इतकं हसून घेतलं होतं, की हे दुखणं आहे असं सांगायचं कुठून, हेच तिला सुचत नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात पांढरं औषध पाजून फोटो काढले. अन्ननलिका वर फुगलेली, खाली चोचीसारखी निमुळती. नाकातून बारीक नळी घालून गिळण्याचा जोरही मोजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तळाशी स्नायूचं कडं असतं. घास आला की ते सैल पडतं. तुमचं पडत नाही. चालून, पाणी पिऊन तुम्ही घास खाली रेटत होतात."

"म्हणजे तो हिचा स्वभाव नव्हता," ताई स्वतःशीच म्हणाली.

उपाय होता. बाहेरून कापायचं नाही. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालायची, अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून वाट काढत खाली जायचं, आवळलेला स्नायू कापायचा, वर येऊन चीर चिमट्यांनी मिटवायची.

भिंगरीला हे नको तितकं समजलं. कोटाचं अस्तर उसवून आतली शिवण सोडवणं तिचं रोजचंच काम.

"आणि कात्री पलीकडे गेली तर?"

"क्वचित होतं. बहुतेकदा तिथल्या तिथे बंद करता येतं. पण होणारच नाही, असं मी म्हणणार नाही."

खरं सांगितलं, तेच तिला डाचलं. त्यानंतर जो कोट हातात येई त्याच्या अस्तरामागे बोट घालून ती वरचं कापड चाचपत बसे. कापड फाटलं तर रफू होतं. आपल्याला कोण रफू करणार?

ठरलेल्या दिवशी उपाशीपोटी ती कॉरिडॉर पालथा घालत होती. नर्सने हाक मारली तेव्हा बाई जागेवर नव्हतीच. दवाखान्याच्या झग्यावर शाल लपेटून फाटकाशी पोचली होती.

"कुठे?" मागून ताईने दंड धरला.

"दुकान उघडं राहिलंय."

"किल्ली माझ्या कमरेला आहे."

"ताई, मी चालून चालून काढीन. इतकी वर्षं काढलीच की."

"काढलीस. पण ब्लाउज मी बघितलाय. आणखी आवळायला त्यात आता जागा नाही."

भिंगरी उभी राहिली. मग वळली आणि इतक्या झपाझप आत निघाली, की ताईला पदर सावरत पळावं लागलं.

संध्याकाळी नवऱ्याने गळा बघितला, शाल सरकवून पोट बघितलं. "टाका कुठाय?"

"आत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अस्तराचं काम बाहेरून दिसत नसतं."

दुसऱ्या दिवशी फोटोत गळती दिसली नाही, तेव्हा ती पहिलं पाणी प्यायली. मग घरी बरेच दिवस पातळ, मग मऊ. अन्ननलिकेच्या तळाचं दार आता उघडंच राहणार, आम्ल वर येऊ शकेल, गोळ्या घ्या, उशी उंच ठेवा, तपासायला येत जा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

मऊ भाताच्या दिवशी ताईही जेवायला होती. सगळे आपापल्या ताटात बघत होते, म्हणजे तिच्याच ताटात. तिने घास गिळला आणि छातीत गोळा बसण्याची वाट बघत राहिली. टेबलाखाली पाय मशीन चालवत होते.

"गेला?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"गेला वाटतं. कळलंच नाही."

ती जेवत राहिली. आणि एकाएकी उठली. मोरीच्या दिशेने चालू लागली. नवऱ्याचा हात तोंडाशीच थांबला. ताईने डोळे मिटले.

मोरीशेजारच्या ओट्यावर झाकण वाजलं. भिंगरी पातेलं घेऊन परत आली आणि सगळ्यांकडे बघत राहिली. "काय झालं? ताटातला भात संपला होता. घेऊ की नको आणखी?"

"घे, बाई," ताई म्हणाली. "पण सांगून उठत जा. इथे आमचे घास अडकलेत."