दारवर

सुतकाच्या घरी फुलाफुलांचा शर्ट घालून, हातात पेढे घेऊन जाणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे; आणि तो दाढी करताना रोज दिसतो.

कळसाडीचा जगन माझा शाळेपासूनचा मित्र. मी नाशिकला आलो त्याला तीस वर्षं झाली. दसरा झाला की दोघांनी बायकांसह तोरणमाळला जायचं, असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी माझ्यामुळे राहायचं. जगनच्या मंगलावहिनींनी सातपुडा जन्मभर शेतातून पाहिलेला, वर कधी गेल्या नव्हत्या.

यंदा जगनच्या धाकट्या भावाचा, सुदामचा, फोन आला. "रमेशदादा, रविवारे दारवर यी जाय. भाऊले बरं वाटी."

"सुनंदाला आणू?"

"हां, तिले बी लई ये."

सुनंदा, म्हणजे आमची ही, साताऱ्याची. "दारवर म्हणजे हो?"

"दारी ये, म्हणतोय," मी ऐटीत सांगितलं. "अहिराणीत असाच आदर असतो. तोरणमाळचं जमलं शेवटी."

(खानदेशात कुणी गेलं, की घरच्यांना भेटायला जाण्याला 'दारवर जाणं' म्हणतात. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी अशा दहा-बारा घरी गेलोय. पण तीस वर्षांत मी अहिराणीतलं फक्त 'काय चालनं' एवढंच जपून ठेवलं होतं. गावच्या ग्रुपवर बातमी आली होती म्हणे. तो ग्रुप मी रोजच्या गुलाबांना कंटाळून गप्प केला होता.)

सारंगखेड्याच्या पुलावर थांबून आम्ही तापीचे फोटो काढले. शहाद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, उसाला तुरे आलेले, समोर सातपुड्याची निळी रांग. मी गात होतो. सुनंदाने दोनदा काच खाली केली, ती हवेसाठी नव्हे.

जगनच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं टोप्या घालून गप्प बसली होती. मला वाटलं, सोसायटीची मीटिंग. मी तीनदा हॉर्न वाजवला, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि घराकडे तोंड करून ओरडलो, "मंगलावहिनी, चहा टाका! आणि चला, तोरणमाळला निघायचंय!"

मग मला भिंतीला टेकून बसलेला जगन दिसला. डोकं भादरलेलं. शेजारच्या खुर्चीवर वहिनींचा फोटो, त्याला हार.

सुनंदाला माझ्या आधी समजलं. ती डोक्यावर पदर घेत आत बायकांत गेली. मी हातातला पेढ्यांचा डबा पाठीमागे लपवला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "हाऊ काय शे?"

"औषध."

"कसानं?"

"शुगरचं," मी म्हणालो. डब्यावर पेढ्याचं चित्र होतं.

जगनने जागा करून दिली. "बठ."

मी बसलो. माफी कुठून सुरू करावी ते कळेना. "जगन, मला खरंच माहीत नव्हतं. मी..."

"नऊ दिन व्हयनात," तो म्हणाला. "समदा येतस, 'बिचारी' म्हणतस, रडतस. तिले कोणी हाक मारी नही. तू मारी, ते माले वाटनं, आते हात पुसत बाहेर यी."

आणि तो नऊ दिवसांत पहिल्यांदा रडला, असं सुदामने मला नंतर सांगितलं. मीही रडलो. शर्टावरची फुलं भिजली. एवढी टवटवीत ती दुकानातही नव्हती.

तोरणमाळचा विषय कोणी काढला नाही. निघताना मी चपला घातल्या आणि सवयीने तोंडातून गेलं, "बरं, येतो."

सगळा ओटा माझ्याकडे बघू लागला. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे साताऱ्यातसुद्धा माहीत आहे. सुनंदाच्या चिमट्यावरून ते कळलं. माझी मान खाली गेली.

जगन मात्र शांतपणे म्हणाला, "कव्हय?"

तीस वर्षं मी त्याला फोनवर 'येतो' म्हणत आलो, त्याने कधी हे विचारलं नव्हतं. "पुढच्या रविवारी," मी पुटपुटलो.

आणि गेलो. त्याच्याही पुढच्या रविवारी गेलो. मी दिलेला शब्द पाळतो हो, फक्त तो चुकून दिलेला असावा लागतो.